कोपराच्या घडीतलं नगर

एकदा एका पुरातन नगरात अत्तरं करणारे एक वृद्ध गृहस्थ राहत होते. नगर नदीच्या कुशीत वसलेलं, भोवती तट, तटाला सात वेशी, आणि आत इतक्या आळ्या की जन्म काढलेला माणूसही एखाद्या दिवशी वाट चुकायचा. वृद्धांच्या डोळ्यांवर साय आली होती, तरी ते काठी न टेकता चालत आणि कधी चुकत नसत. कुणी नवल केलं तर म्हणत, "तांबट आळी लागली की जिभेला आंबट कळतं. दीपमाळेपाशी जळक्या तेलाचा वास, बारवेच्या तोंडाशी गारवा. गावानं सगळं लिहून ठेवलंय बाबांनो, मी नुसता वाचत जातो." लहानथोर त्यांना वस्ताद म्हणत.

वस्तादांची एक शिष्या होती. सकवार तिचं नाव. गवळीवाड्यातली सून, वय विशीच्या आतबाहेर, पदरात आठ महिन्यांची मुलगी. ती वस्तादांकडे आली ती दुधाची चरवी घेऊन. एके सकाळी दूध घालता घालता सहज म्हणाली, "वस्ताद, आजचं गुलाबपाणी कालच्या केवड्याच्या भांड्यात काढलंय काय?" वस्तादांचा हात जागीच थांबला. भांडं खरंच न घासता घेतलं होतं, आणि ते त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच दिवशी त्यांनी तिच्या सासूला निरोप धाडला की तुमच्या सुनेच्या नाकात विद्या आहे, ती शेणात घालवू नका. सासू म्हणाली, "शेणात काही जात नाही वस्ताद, पण शिकवा."

पहिला धडा त्यांनी दिला तो असा. दोन वास हुंगले की नाक भांबावतं. तिसऱ्याकडे तसंच गेलं तर ते खोटं सांगतं. म्हणून प्रत्येक वासानंतर आपला हात दुमडावा, कोपराच्या घडीत नाक ठेवावं, एक श्वास घ्यावा, आणि मगच पुढं जावं. याला वस्ताद म्हणत, नाक घरी आणणं. "फिरून आलेल्या माणसाला जसं घरचं पाणी लागतं," ते सांगत, "तसं नाकाला आपलं अंग लागतं."

सकवारनं हा धडा तीन महिने निष्ठेनं पाळला. मग एक दिवस दुकानात नथ घातलेली एक मोठ्या घरची बाई आली. सकवार अत्तराचा फाया करून तिच्यापुढं धरते न धरते तोच बाईनं नाकाला पदर लावला आणि हसत म्हणाली, "वस्ताद, दुकानात म्हैस बांधलीत की काय?" बसलेली चार माणसं हसली. वस्तादही हसले, अगदी थोडं, गिऱ्हाइकाचं मन राखायला हसतात तेवढं.

सकवार हसली नाही. तिनं त्या दिवशी घरी जाऊन राखेनं हात घासले, लिंबू चोळलं, कातडी सोलून निघेस्तोवर चोळलं. तरी कोपराच्या घडीत तो वास होताच. गोवरीचा धूर होता, वेखंड होतं, टाळूवर थापलेलं तेल होतं, आणि त्या सगळ्यावर दुधाचा आंबूस ओघळ. कारण पोर झोपायची ती त्याच घडीवर डोकं टेकून.

मग ती एकेक गोष्ट सोडू लागली. सकाळी पोरीला अंगावर पाजणं सोडलं, वाटीनं वरचं दूध सुरू केलं. न्हाऊन निघाल्यावर पोरीनं हात पसरले तर दुरूनच "हो हो, आले हं" म्हणायची आणि उंबरा ओलांडायची. चोळीच्या बाहीत कापराची वडी बांधून ठेवायची. दुकानात वास हुंगून झाला की हात दुमडायची खरी, पण नाक न्यायची बाहीपाशी. वस्तादांच्या अधू डोळ्यांना ते दिसत नसावं, असं तिला वाटे.

आणि एके दिवशी ऐन बाजाराच्या वेळी सासूबाई पोरीला घेऊन दुकानापाशी आल्या. पोर रडून रडून लाल झालेली, काही केल्या राहीना. आईला पाहताच तिनं अंग झोकून दिलं. गादीसमोर तीच नथवाली बाई बसली होती. तिनं मान वळवून विचारलं, "कुणाची गं ही?"

सकवारच्या तोंडून निघून गेलं, "शेजारची आहे."

सासूबाईंनी ऐकलं. पोरीला खांद्यावर टाकून त्या आल्या पावली परत गेल्या. वस्तादांनीही ऐकलं. ते एका कुपीला बूच लावत होते, ते लावतच राहिले. रात्री जेवताना सासूबाईंनी नेहमीसारखीच भाकरी वाढली, नेहमीसारखंच "अजून घे" म्हटलं. त्या ओरडल्या असत्या तर सकवारला बरं वाटलं असतं.

पुढं पावसाळा सरला आणि परमुलखातून एक धनवान व्यापारी नगरात आला. दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "वस्ताद, माझी आई या गावची लेक. नऊ वर्षांची असताना लग्न होऊन गेली, ती आजतागायत आली नाही. आता ऐंशीला टेकलीये. डोळे गेले, पाय गेले, तरी हट्ट एकच की मला माझं गाव दाखव. गाडीनं वेशीबाहेरच्या धर्मशाळेपर्यंत आणली कशीबशी. वैद्य म्हणतात, आठ दिवस विसावली तर सपाट वाटेनं परतेल, पण आतल्या दगडी आळ्यांत एक गचका बसला तर श्वास राहायचा नाही. वेशीशी येऊन ती पडून आहे आणि आत नेता येत नाही. तिचं नाक मात्र अजून शाबूत आहे. मला या गावाचं अत्तर करून द्या. ती हुंगेल आणि मग सुखानं परतेल. आठ दिवस आम्ही आहोत."

वस्तादांनी ते काम सकवारला सांगितलं. म्हणाले, "म्हातारीनं गाव ओळखलं, तर दसऱ्यापासून दुकानाची गादी तुझी. माझं नाक आता थकलं."

सकवारला झोप लागेना. गादीवर बसलेल्या बाईला कोण म्हशीवरून बोलेल? ती पहाटे उठून बाहेर पडायची ती दिवेलागणीला परतायची. सात दिवसांत तिनं सगळं नगर नाकानं नांगरलं. उत्तर तटाचं शेवाळ खरवडलं, चुनखडीच्या भेगांतलं गारपण फडक्यात टिपलं. मोठ्या वेशीचं सागवान दुपारच्या उन्हात तापतं तेव्हा त्यातून जुन्या तेलाचा दर्प सुटतो, तो धरला. देवळाच्या सहाणेवरचं चंदन आणलं, दर्ग्यातला ऊद आणला, तिथल्या वाळलेल्या गुलाबांची चादर मागून आणली. जिथं एकेकाळी हत्ती बांधत आणि आता कडबा विकतात, तिथली माती उकरली, कारण म्हणतात की त्या मातीत अजून हत्ती आहेत. बुरुजावरच्या तोफेचा गंज बोटावर घेतला. हरेक वासानंतर हात दुमडला आणि नाक कापराकडं नेलं. कापूर कसा, एका फटक्यात सगळं पुसून टाकी. नाक कोऱ्या पाटीसारखं व्हायचं. त्या कोऱ्या पाटीवर जे जे मोठं होतं ते ठसठशीत उमटलं.

वाटेत तिला लोक आडवे येत, चुली लागत, पोरं ओरडत, कुणाच्या ओट्यावर पापड वाळत असत. त्यांचा वास तिला आला नाही. आणि घरून निघताना गवळीवाड्यातली मधली वाट तर ती मुद्दाम टाळून, दर्ग्याला वळसा घालून जात होती.

आठव्या दिवशी त्या सगळ्याचं अत्तर कुपीत घेऊन वस्ताद आणि सकवार धर्मशाळेत गेले. म्हातारी उशीला टेकून बसली होती, मूठभर झालेली, पण चेहरा पाटावर बसलेल्या मुलीसारखा उत्सुक. सकवारनं फाया तिच्या नाकाशी नेला.

म्हातारीनं सावकाश श्वास ओढला. "अगो बाई," ती पुटपुटली. "ही मोठी वेस. उन्हातली. ... हे शेवाळ, तटाचं. आम्ही घसरायचो तिथं. ... चंदन. ऊद. ..." व्यापाऱ्याचे डोळे भरून आले. सकवारनं वस्तादांकडे पाहिलं, आणि खोटं कशाला, मनातल्या मनात ती गादीवर जाऊन बसलीसुद्धा.

म्हातारीनं पुन्हा हुंगलं. मग तिसऱ्यांदा. हळूहळू तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं हात पुढं करून चाचपडत मुलाचा हात धरला.

"बाबा, खरं सांग. गावात रोगराई आली होती का?"

"नाही आई. का?"

"मग माणसं कुठं गेली? वेस आहे, तट आहे, देव आहेत. माणूस एक नाही. ओस पडलं काय रे माझं गाव? मला वाईट वाटेल म्हणून लपवताय काय?" आणि ती रडू लागली. ऐंशी वर्षांची बाई, पण नऊ वर्षांची रडावी तशी.

व्यापाऱ्यानं सकवारकडे पाहिलं. सकवारच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. तिला वाटलं, भुई का दुभंगत नाही म्हणतात ते असंच असेल.

तेव्हा वस्ताद उठले. त्यांनी हात पुढं केला आणि सर्वांदेखत म्हणाले, "पोरी, बाहीतला कापूर दे."

तिनं गाठ सोडली. वडी त्यांच्या तळव्यावर ठेवली. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"शेठ, आणखी एक दिवस थांबा," वस्ताद म्हणाले. मग सकवारकडे वळून, "उद्या सकाळी इथंच ये. अंघोळ करायची नाही. हात धुवायचे नाहीत. घरची सगळी कामं उरकून, पोरीला अंगावर पाजून, तिला घेऊन ये. गवळीवाड्यातून सरळ बाजारपेठेनं ये. वळसा नको."

व्यापाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागला. सकवारला वाटलं, ही शिक्षा आहे, आणि आपण तिला पात्र आहोत.

दुसऱ्या दिवशी तिनं धार काढली, शेण भरलं, चूल पेटवली. मग सासूपुढं जाऊन उभी राहिली. "आत्याबाई, पोरीला द्या."

सासूबाई पोरीच्या टाळूवर तेल थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "का गं? शेजारणीला आज आठवण झाली?"

सकवार तिथंच खाली बसली. सासूबाईंनी थोडा वेळ तिला तसंच बसू दिलं. मग पोरीला तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "पाज आधी. वाटीतलं दूध पिऊन पोराचं पोट भरतं, जीव नाही भरत." पोर आधी आईच्या तोंडाकडे बघत राहिली, परक्या माणसाकडे बघतात तशी. मग वास लागला आणि ती अंगाला बिलगली. त्या क्षणभराच्या बघण्यानं सकवारला जे झालं, ते धर्मशाळेत चारचौघांत झालं नव्हतं.

ती बाजारपेठेनं निघाली. मागून सासूबाई आल्या, कुणी बोलावलं नव्हतं तरी आल्या. पोर कोपरावर झोपली होती, चोळीवर दुधाचा ओला डाग, हातांना शेणाची हिरवट रेघ. दुकानांतून लोक ओळखीनं बघत होते. सकवारची मान वर होईना. आणि चालता चालता एक नवल झालं. कापूर नसल्यानं तिच्या नाकात नगर शिरू लागलं. कुणाकडे तरी फोडणी जळाली होती. एका ओट्यावर बाळंतिणीची शेगडी धुमसत होती, ओवा आणि बाळशेपाचा धूर. तांबटाच्या अंगचा घाम, ओल्या धुण्याचा वास, शाळेच्या पायरीशी पोरांच्या डोक्याचं तेल. हे सगळं गेले सात दिवस इथंच होतं. ती यातूनच गेली होती.

धर्मशाळेत म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. वस्तादांनी सकवारला तिच्या उशाशी बसवलं आणि म्हणाले, "आजी, जरा इकडं व्हा." मग सकवारला खूण केली, हात पुढं कर.

ज्यावर पोर निजली होती तो हात सकवारनं पुढं केला. म्हातारीनं चाचपलं, बोटांना एक मऊ कान लागला. तिनं मान वाकवली आणि पोरीचं डोकं टेकलं होतं तिथं, कोपराच्या घडीत, नाक नेलं.

बराच वेळ ती तशीच राहिली. सकवारला वाटत होतं हात काढून घ्यावा, लपवावा, पळून जावं.

"माझा धाकटा भाऊ," म्हातारी म्हणाली, "एवढाच होता. मीच सांभाळायची. पाठवणीच्या दिवशी त्याला माझ्या कडेवरून ओढून काढला तेव्हा माझ्या हाताला हाच वास होता. चार दिवस मी तो हात धुतला नाही. सासरी मार खाल्ला त्यासाठी." मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत तिनं विचारलं, "कुणाची गं ही?"

अगदी तेच शब्द. दारात सासूबाई उभ्या होत्या. वस्ताद मान खाली घालून बसले होते.

"माझी," ती म्हणाली. "माझी आहे."

वस्तादांनी कालचीच कुपी काढली. त्यात थेंबाची भर घातली नव्हती. फाया म्हातारीच्या नाकाशी धरला. तिनं हुंगलं, मग आपण होऊन कोपराच्या घडीत नाक नेलं, मग पुन्हा फाया. तिचा चेहरा उजळत गेला. "हं. तटावर पोरं आलीत बघ. ... वेशीत दूधवाल्या बसल्या आहेत. ... देवळाच्या पायरीशी कुणीतरी लेकरू पाजतंय, घंटेनं दचकलं ते. ... आहे रे बाबा. आहे माझं गाव. उगाच घाबरले मी."

व्यापारी वस्तादांच्या पायांशी वाकला. त्याला उठवून वस्ताद सकवारला म्हणाले, "अत्तर तू नेकीनं केलंस. त्यात जे आहे ते सगळं खरं आहे. पण कापरानं पुसलेल्या नाकाला फक्त थोर वास कळतात. तट थोर आहे, पण तो बांधला कुणासाठी? असंच कुणाच्या तरी कोपरावर निजलेल्या जिवासाठी. राजे गेले आणि त्यांचा वास दगडाला चिकटून राहिला, त्याला आपण जुना म्हणतो. हा तुझ्या हाताचा वास त्याहून जुना आहे. पण तो रोज सकाळी नवा होतो, म्हणून त्याचं वय कुणी मोजत नाही. ज्याला आपल्या घराच्या वासाची लाज वाटते, त्याचं नाक परतणार कुठं? ते भटकत राहतं, आणि भटकणाऱ्या नाकाला नगर दिसलं तरी वस्ती सापडत नाही."

मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "दोष तुझा एकटीचा नाही. त्या बाई म्हशीवरून बोलल्या तेव्हा मी हसलो होतो. तू पोरीला शेजारची म्हणालीस तेव्हा मी कुपीला बूच लावत बसलो. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून. गुरूनं त्या दिवशी नाक घरी आणलं असतं, तर शिष्येला कापूर बांधावा लागला नसता."

दसऱ्याला वस्तादांनी सकवारला गादीवर बसवलं. तिनं जवळच पोरीसाठी झोळी टांगली. नथवाली बाई आली, तिनं झोळीकडे पाहिलं, नाकाला पदर लावायला हात उचलला आणि का कोण जाणे, तसाच खाली घेतला. सकवारनं फाया पुढं केला. मग हात दुमडला, कोपराच्या घडीत नाक नेलं, आणि तिचे डोळे भरून आले.

बाई गेल्यावर तिनं विचारलं, "वस्ताद, दर वेळी असंच होतं. नाक घरी आणते, तर आधी तो शब्द आठवतो, शेजारची. आधी लाज येते, मग वास येतो. ती कधी जाईल?"

वस्ताद म्हणाले, "पोरीला काही आठवणार नाही. तुला आठवेल. राहू दे ती लाज. तुझा कापूर मी काढून घेतला ना, नाक साफ करायला काहीतरी हवंच."

झोळीत पोर कुरकुरली. सकवार उठली, गादीसमोर दुसरं गिऱ्हाईक येऊन बसलं असतानाही उठली, आणि तिनं तिला उचलून घेतलं.

दुसऱ्याला आपलं गाव दाखवायला निघताना माणसानं आपल्या घराचा उंबरा टाळून जाऊ नये; गाव तिथूनच सुरू होतं.